शेंदूर नसलेल्या दगडांना वाली कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा आपल्या राज्यातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्या अकरांत आमच्या अलिबाग तालुक्यातला खांदेरी आहे. आपल्या दैनिकासकट सगळ्यांनी त्यावर पानं भरून लिहिलं आणि ते योग्यच झालं. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर बांधकाम सुरू केलं आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली, हे थळच्या कोळ्यांच्या पोरांनाही ठाऊक असतं. आता खांदेरीची काळजी करायला सगळं जग आहे. मला लिहायचंय ते ज्यांची काळजी करायला गावचा तलाठीसुद्धा नाही, अशा दगडांबद्दल.

माझी नोकरी रस्त्यावरची. मैलकुली म्हणून लागलो, मुकादम होऊन निवृत्त झालो. शिक्षण बेताचं, त्यामुळे इतिहासावर मी बोलावं असं काही नाही. पण दगडांवर बोलायला हरकत नसावी. खडी, सोलिंग, मोरीचे घडीव चिरे, किलोमीटरचे दगड, हद्दीचे दगड यांतच हयात गेली. रस्त्याच्या कडेला कुठे काय उभं आहे हे मैलकुलीइतकं कोणाला माहीत नसतं, कारण पावसाळ्यानंतर गवत कापायला तोच जातो.

रस्ता रुंद करायचा ठरला की कडेला येणाऱ्या दगडांचं काय होतं, ते आधी सांगतो. दगडाला शेंदूर असेल तर मजुरांच्या कुठल्याही टोळीतला माणूस त्याला पहार लावत नाही. ठेकेदार परगावचा असो, जेसीबीवाला परप्रांतातला असो, शेंदूर दिसला की मशीन थांबतं. मग गावकऱ्यांना बोलावतात, नारळ फुटतो, दगड चार हात मागे सरकतो, जमलं तर वर पत्र्याचं छप्परही येतं. दगडाला शेंदूर नसेल तर तो नुसता दगड. बरा घडीव असला तर मोरीच्या तोंडाशी बसतो, नाहीतर फुटून सोलिंगमध्ये, म्हणजे रस्त्याच्या तळाच्या दगडी थरात, जातो आणि त्यावर मुरूम पसरला जातो. यात कोणाचा द्वेष नसतो, कोणी मुद्दाम करत नाही. टोळीला संध्याकाळपर्यंत ठरलेलं काम उरकायचं असतं आणि त्या दगडावर काय कोरलंय हे सांगणारं कोणी जवळपास नसतं.

म्हणजे आजवर आमच्याकडचे जे दगड राहिले ते कायद्याने राखले नाहीत, भक्तीने राखले. कुठल्यातरी लढाईत पडलेल्याचा वीरगळ गावचा वेताळ झाला, बहिरी झाला, म्हणून टिकला. शेंदराच्या थराखाली त्याची ढाल-तलवार बुजून गेली हे खरं, पण दगड जाग्यावर आहे. तो थर जाणकाराच्या हातून उद्याही उतरवता येईल. सोलिंगमध्ये गेलेला दगड मात्र कोणाच्या बापाला वर काढता येणार नाही.

या हिशेबात सगळ्यांत वाईट नशीब गधेगळाचं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उभी शिळा असते. वर चंद्र-सूर्य, म्हणजे चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान चालावं. मध्ये लेख असला तर लेख, कोणी कोणाला काय दिलं त्याचा. आणि खाली गाढव आणि बाई. हे दान जो मोडेल त्याला घातलेली ती शिवी आहे. पेपर घरात सगळे वाचतात म्हणून जास्त खुलासा करत नाही. आता असल्या दगडाला शेंदूर कोण लावणार? बायका तिकडे बघत नाहीत, म्हातारे अपशकुनी म्हणतात. काही ठिकाणी लाजेपोटी तो पालथा घातलेला असतो. जो दगड देव होऊ शकत नाही आणि किल्लाही नाही, त्याला कोणी विचारत नाही.

आणि नेमका असाच दगड आमच्या तालुक्याचा सगळ्यांत मोठा मान आहे. अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की साखरेच्या खाडीवरचा पूल ओलांडल्यावर अक्षी लागते. तिथल्या शिलालेखावर शके ९३४ असा काळ डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी वाचला, म्हणजे इसवी सन १०१२. तारखेवर अभ्यासकांचा वाद आहे, तो त्यांनी घालावा. पण लेख मराठी आहे आणि मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांत तो मोजला जातो, याबद्दल वाद नाही. त्यात पश्चिम समुद्राचा अधिपती, कोकणचक्रवर्ती केसीदेवराय याचं नाव येतं, त्याचा महाप्रधान भइर्जू सेणुई याचं येतं, आणि मग कामाची गोष्ट येते. महालक्ष्मीच्या बोडणासाठी शुक्रवारी नऊ कुवली धान्य लावून दिलं. कुवली म्हणजे धान्याचं माप. बोडण म्हणजे देवीचा कुळाचार, आमच्याकडे काही घरांत तो अजून करतात.

मला या लेखाचं कौतुक वाटतं ते त्यात लढाईबिढाई काही नाही म्हणून. एका देवीला किती धान्य जायचं याचा तो जाहीर कागद आहे. हजार वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्याने राजा कोण, प्रधान कोण, साल कोणतं, द्यायचं किती आणि कशासाठी, सगळं चार ओळींत बसवलं. आज गटाराच्या उद्घाटनाची कोनशिला बघा. नावांची रांग असते, नावांपुढे पदं असतात, पण गटार किती फूट आणि पैसे किती, याचा पत्ता नसतो. असो.

माझ्या शाळेच्या दिवसांत मराठीचं पहिलं वाक्य म्हणून श्रवणबेळगोळचं ‘श्रीचामुण्डराये करवियले’ पाठ करून घेत. ते कर्नाटकात. अक्षी आमच्यापासून सायकलच्या अंतरावर, पण तिचं नाव वर्गात कोणी घेतलं नाही. पुढे नोकरीत त्या बाजूचं काम मिळालं तेव्हा तो दगड रस्त्याकडेला उघड्यावर उभा होता. ऊन, पाऊस आणि समुद्राची खारी हवा सोसत. आता त्याच्याकडे लक्ष जातं आहे, मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाल्यापासून तर जास्तच. अक्षीतच यादव राजा रामदेवराय याच्या काळचा दुसरा लेख आहे. पहिल्याच्या मानाने त्याचं नाव फार कमी ऐकू येतं.

अक्षीचा दगड टिकला कारण जाणकारांनी तो वाचून छापला. त्याला वाली मिळाला. तालुका फिरलं की हा एकच नियम सगळीकडे दिसतो. रेवदंड्याला शाळेच्या आवारात अफानासी निकितिन या रशियन प्रवाशाचं स्मारक आहे. पंधराव्या शतकात तो दूरच्या त्वेर शहरातून निघून चौलच्या बंदरात उतरला, आणि इथे जे पाहिलं ते लिहून ठेवलं. त्याची आठवण ठेवायला त्याचे देशवाले आहेत. नवगावला बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, जुनं दफनस्थान आणि स्मारक आहे. जहाज फुटून सात जोडपी किनाऱ्याला लागली, ती इथलीच झाली, तेल गाळू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून शनवार तेली म्हणवली गेली, अशी त्यांची कथा. गावांच्या नावावरून आडनावं घेतली आणि घरात मराठीच बोलली. इस्रायलमधून आलेली म्हातारी माणसं रस्त्यात गाडी थांबवून आम्हाला नवगावची वाट विचारत, तीही आमच्यासारख्या मराठीत. खंडाळ्याचा खडक कुठे, असंही विचारत. एलियाहू संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा त्यावर उमटल्या आहेत अशी त्यांची श्रद्धा. खंडाळे म्हणजे आमच्या तालुक्यातलं, घाटावरचं नव्हे. तो खडक त्यांच्याचमुळे जागेवर आहे. त्यांनी त्याला नवस बोलले नसते तर त्याची खडी कधीच झाली असती, हे मी खडीवाल्या माणसाच्या अनुभवाने सांगतो.

सासवण्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचं घर शिल्पालय म्हणून बघता येतं, कारण घरच्यांनी ते जपलं. अलिबागला कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे. ते १७२९ साली गेले, आज आरमाराचे लोक तिथे मानवंदना देतात. समोर समुद्रात कुलाबा किल्ला आहे, त्याच्या तटावरच्या गाडीवाल्या तोफांवर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव ओतलेलं दिसतं, हा किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे. या सगळ्यांना कोणी ना कोणी आहे.

चरीचं थोडं वेगळं आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. पोयनाड परिसरातलं हे गाव. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी इथल्या कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं. पुढारी नारायण नागू पाटील. डॉ. आंबेडकर इथे येऊन शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. संप १९३९ पर्यंत चालला. इतकी वर्षं शेतं पडीक ठेवायची म्हणजे पोटाला काय, याचा विचार करा. त्यातून कुळांना कायद्याने संरक्षण मिळालं आणि पुढचा कुळकायदा घडला. आमच्या आगरी-कुणबी घरांत आज जे सातबारे आहेत त्यांची मुळं त्या गावात आहेत. तिथे स्मारक आहे, दरवर्षी लोक जमतात, ठीक. पण चरीच्या संपात भाग घेतलेली गावं आणखीही होती. सभा कुठे भरायच्या, निरोप कोणत्या घरातून निघायचे, खोताची कोठारं कुठे होती, हे सांगणारी एकही पाटी त्या गावांत नाही. ती घरं पडत चालली आहेत. कौलं उतरवून स्लॅब टाकला की घराच्या अंगावरचा इतिहास गेला. शेंदूर न लागलेले दगड म्हणतो त्यात मी ही घरंही धरतो.

आता घाई कशाची? तर घाई रस्त्यांचीच आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि मुंबई आमच्या उंबऱ्याला आली. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचं काम आहे, विरार-अलिबाग मार्गिकेचं आहे. मी रस्त्याचाच माणूस, रस्त्याला माझा विरोध नाही. रुग्ण घेऊन वडखळच्या कोंडीत अडकलेल्या गाडीमागे मी उभा राहिलेलो आहे, त्यामुळे रस्ता काय असतो ते मला कोणी शिकवू नये. पण पूर्वीचं काम हाताने चालायचं. पहारीला दगड लागला की माणूस वाकून बघायचा, कोणीतरी म्हणायचा, अरे यावर काही आहे. मशीन वाकून बघत नाही. शिवाय रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या वाड्या आता विकल्या गेल्या, भिंती उठल्या. वाडीतला जुना दगड, जुनी पायऱ्यांची विहीर, सगळं फाटकाच्या आत गेलं. नवा मालक चांगला असेल तर दगड बागेत उभा करतो, पण मग तो कुठला, कोणत्या बांधावरचा, हे पुसलं जातं. दानाचा दगड ज्या जमिनीचं दान त्या जमिनीवरून हलवला की अर्धा मुका झाला.

गावकरी अशा दगडांची खबर का देत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. एक म्हणजे गुप्तधनाचा खुळा समज. कोरीव दगड दिसला की खाली हंडा आहे, असं समजून रात्री खणणारे अजून आहेत. दगड उलथून टाकतात आणि हाताला माती लागते. खरं तर जमिनीत दहा रुपयांवरचं काही सापडलं तरी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, असा १८७८ पासूनचा कायदा आहे, पण रात्री खणणाऱ्याला तो कोण वाचून दाखवणार?

दुसरी भीती जास्त शहाण्या लोकांना आहे आणि तिच्यामुळे नुकसान जास्त होतं. माझ्या बांधावर जुना दगड आहे असं मी कळवलं, तर उद्या मला घर बांधू देणार नाहीत. ही भीती कुठून आली ते मला कळतं. केंद्राने राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच बांधकाम, हा नियम २०१० च्या दुरुस्तीने पक्का झाला. कुलाबा किल्ल्यामुळे अलिबागकरांना तो चांगला माहीत आहे. पण तो त्या यादीतल्या स्मारकांनाच लागू आहे. तुमच्या बांधावरचा गधेगळ ग्रामपंचायतीच्या वहीत लिहिला म्हणून तुमच्या घराची एक वीटही अडत नाही. हे सरकारी माणसाने ग्रामसभेत उभं राहून, मराठीत, सोप्या शब्दांत सांगितलं पाहिजे. सांगत नाहीत, म्हणून लोक रातोरात दगड नाहीसा करतात. संरक्षणाच्या नियमाच्या भीतीने दगड मोडले जावेत, याला काय म्हणावं!

आता माझं म्हणणं. शेताच्या हद्दीचा दगड आठवा. भूमापनाचा तो साधा दगड, त्यावर कोरीव काम नाही, लेख नाही. पण जमीन महसूल संहितेने त्याची जबाबदारी जमीनधारकावर टाकली आहे, आणि तो मुद्दाम उखडला तर दंड आहे. कोणत्या गटाच्या कोणत्या कोपऱ्यात तो आहे हे नकाशावर असतं. दीड-दोनशे वर्षं ही पद्धत चालू आहे आणि त्यासाठी कुठे पुरातत्त्व खातं लागलं नाही. तलाठी, भूमापक आणि गावचा कोतवाल एवढ्यांत भागलं. मग ज्या दगडावर राजाचं नाव, वर्ष आणि दान लिहिलंय त्याला हद्दीच्या दगडाइतकी तरी इज्जत द्या, यापेक्षा जास्त मी मागत नाही.

राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. त्याखाली स्मारक संरक्षित व्हायचं तर अधिसूचना निघावी लागते, तिची प्रक्रिया असते, हरकती असतात. ती प्रत्येक वीरगळासाठी निघणार नाही आणि निघूही नये, खात्याला तेवढी माणसं कुठली? पण गावाने वही घालायला अधिसूचना लागत नाही. ग्रामसभेचा ठराव पुरे. कोरीव दगड, लेखाचे दगड, जुन्या विहिरी, इंग्रजी अमदानीतले मैलाचे दगड, जुन्या चावड्या, संपाची-चळवळीची घरं, सगळ्यांची नोंद गट नंबर घालून, फोटो चिकटवून. एक प्रत चावडीत, एक तहसीलला. आणि रस्त्याचं अंदाजपत्रक करण्याआधी आखणी करणाऱ्याने ती वही मागून घ्यायची. कामाच्या अटींत खांब हलवणं असतं, झाडांची मोजणी असते, पाण्याची पाइपलाइन असते, तशी एक ओळ या दगडांची टाकायची. झाडं मोजतो तेव्हा आम्ही प्रत्येक झाडाला नंबर घालतो, आंब्यापासून भेंडीपर्यंत. दगडांना नंबर घालायला किती वेळ लागेल? आखणी दोन मीटर सरकवणं अंदाजपत्रकाच्या वेळी फुकट असतं, काम सुरू झाल्यावर तेच फार महागात पडतं.

मैलाच्या दगडांचा उल्लेख केला, त्याचं एक ऐकून घ्या. १९५६ च्या मापांच्या कायद्यानंतर मैल गेले, किलोमीटर आले, आणि रस्त्यांवरचे जुने काळ्या पाषाणाचे दगड उपटले गेले. घडाई उत्तम असल्यामुळे लोकांनी ते नेले. कुठे पायरी झाली, कुठे विहिरीवर धुण्याचा दगड झाला. काही अजून गवतात उभे आहेत. आम्ही दिवाळीच्या आगेमागे किलोमीटरच्या दगडांना चुना आणि रंग लावायचो, तेव्हा फरक कळायचा. छिन्नीने कोरलेला आकडा रंग उडाला तरी बोट फिरवून वाचता येतो. सिमेंटवर रंगवलेला आकडा दोन पावसाळ्यांत गेला. हे दगड देवही नाहीत आणि राजांचेही नाहीत, तरी बैलगाडीवाल्यांनी आणि पायी चालणाऱ्यांनी त्यांच्याकडे बघून दम धरलेला आहे. उरलेत तेवढे जाग्यावर राहू द्यावेत.

पाट्यांबद्दल. पाट्या लावा, पण त्यावर मजकूर असू द्या. ‘प्राचीन शिलालेख, जतन करा’ असली पाटी नसलेली बरी. काय लिहिलंय, कोणी वाचलं, साल काय, आणि काही झालं तर कोणाला कळवायचं, एवढं त्यावर हवं. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचंच घ्या. बाहेरून जाणाऱ्या दहांतल्या नऊ माणसांना ते काय आहे हे ठाऊक नाही. मुंबईत विजेची ट्राम येणार म्हणून मुंबईतल्याच कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, तेव्हा १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन ताळा जमवला आणि मग कुलाब्याचं काम थांबवलं. इमारतीला लोखंड चालत नाही, म्हणून खास पोरबंदरचा दगड आणला. एवढी गोष्ट पाटीवर लिहिली तर शाळेची पोरं थांबून वाचतील. चौलच्या रामेश्वराच्या मंडपाखाली बंद करून ठेवलेली कुंडं, रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटातला सातखणी मनोरा, चौलचा हमामखाना, प्रत्येकाची अशी गोष्ट आहे. हमामखाना कुठे आहे हे रेवदंड्याच्या एसटीत विचारून बघा, काय उत्तर मिळतं ते.

संग्रहालयात न्या, असं काही जण सुचवतात. फुटलेला, पडलेला, चोरीला जाण्याच्या बेतात असलेला दगड जरूर न्या. दिवेआगरचा सोन्याचा गणपती २०१२ साली चोरीला गेला, त्यामुळे चोरीचा धाक आमच्या जिल्ह्याला कोणी समजावून द्यायला नको. पण चार मण वजनाचा काळा पाषाण सहसा चोर नेत नाहीत. त्याला धोका चोराचा नसतो, बिनमाहितीच्या कामाचा असतो. तो आहे तिथेच राहिला तर गावाला कळेल की आपल्या या बांधावर हजार वर्षांपूर्वी कोणीतरी काही देऊन गेलं.

यात पेपरनेही हात लावावा अशी विनंती आहे. आपल्या जिल्हा पानावर आठवड्यातून एक छोटी चौकट ठेवा. वाचकाने आपल्या गावच्या एका जुन्या दगडाचा, विहिरीचा किंवा घराचा फोटो पाठवायचा. सोबत गाव, गट नंबर आणि जवळची खूण लिहायची. दगड खाजगी वाडीत असेल तर मालकाला विचारूनच. एकदा छापून आलं की तो दगड ‘नुसता दगड’ राहत नाही, त्याला मोरीत बसवायला ठेकेदारही दहादा विचार करेल. सुरुवातीसाठी नागाव-चौल रस्त्यालगतच्या एका मैलाच्या दगडाचा फोटो या पत्रासोबत पाठवत आहे. मैलाचा आकडा वाचता येतो.

आपला,
एक निवृत्त रस्ता मुकादम
ता. अलिबाग, जि. रायगड

ता. क. फोटो काढणाऱ्यांना दोन गोष्टी. अक्षरं उठून दिसावीत म्हणून लेखावर खडू, पीठ किंवा राख चोळू नका, आणि तारेच्या ब्रशने घासू तर मुळीच नका. संध्याकाळी अंधार पडल्यावर बॅटरी दगडाच्या बाजूला धरून तिरपा उजेड टाका. दिवसा न दिसणारी अक्षरंही सावलीमुळे वर येतात. आणि शेजारी एक काठी किंवा फूटपट्टी ठेवा, म्हणजे दगड केवढा आहे ते छापल्यावरही कळेल.